सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट

सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट हा मुंबईतील वादक चरणजित सिंग (१९४०–२०१५) यांचा वाद्यसंगीताचा अल्बम आहे. तो १९८२ मध्ये ध्वनिमुद्रित झाला आणि ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाने एच.एम.व्ही. या नाममुद्रेखाली प्रकाशित केला. हिंदुस्थानी संगीतातील दहा राग यात केवळ इलेक्ट्रॉनिक वाद्यांवर, डिस्कोच्या ठेक्यात वाजवले आहेत. प्रकाशनाच्या वेळी दुर्लक्षित राहिलेला हा अल्बम २०१० मधील पुनःप्रकाशनानंतर जगभर चर्चेत आला.

पार्श्वभूमी

चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटसृष्टीच्या वाद्यवृंदांत गिटार, बेस गिटार आणि सिंथेसायझर वाजवत असत. शंकर-जयकिशन, राहुलदेव बर्मन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल अशा संगीतकारांकडे त्यांनी काम केले. लोकप्रिय चित्रपटगीतांच्या धुनांच्या त्यांच्या ध्वनिमुद्रिकाही निघाल्या होत्या. मात्र चित्रपटगीतांच्या तबकड्यांवर संगीतकार, गीतकार व गायक यांचीच नावे छापण्याची प्रथा असल्याने वाद्यवृंदातील बहुतेक वादकांप्रमाणे सिंग यांचे नावही श्रोत्यांपर्यंत फारसे पोहोचले नाही.

१९८० च्या ‘कुर्बानी’ चित्रपटातील नाझिया हसन यांचे गीत, १९८१ चा ‘डिस्को दीवाने’ हा अल्बम आणि १९८२ चा ‘डिस्को डान्सर’ हा चित्रपट यांमुळे त्या काळी भारतात डिस्को संगीताची लाट होती. चित्रपटांत सर्वत्र डिस्को ऐकू येत असताना त्याचा केवळ ठेका घेऊन, तबला बाजूला ठेवून, राग वाजवून पाहावेत, अशी या अल्बममागील कल्पना असल्याचे सिंग यांनी पुढे मुलाखतींतून सांगितले.

वाद्ये

अल्बमसाठी रोलँड या जपानी कंपनीची तीन वाद्ये वापरली गेली: टीआर-८०८ हे तालयंत्र, टीबी-३०३ हे बेस यंत्र आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर. टीबी-३०३ हे मुळात एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवादकाला बेसची साथ मिळावी म्हणून तयार केलेले होते. ते बाजारात फारसे चालले नाही आणि १९८४ च्या सुमारास त्याचे उत्पादन थांबले.

या यंत्रात स्वरांची मालिका आधी भरून ठेवता येते आणि ती सलग आवर्तनांत वाजत राहते. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोयही त्यात आहे. स्वर सुटे ठेवणाऱ्या हार्मोनियमवर मीड घेता येत नाही. या यंत्रात मात्र तिच्या जवळ जाणारा परिणाम साधता येतो. सतत फिरणारी बेसची स्वरावली तबल्याच्या एकलवादनातील लेहऱ्याची आठवण करून देते. तिच्या वर ज्युपिटर-८ वर रागाचे स्वर उलगडत जातात.

रचना

पहिल्या बाजूवर भैरवी, ललत, भूपाळी, तोडी व मधुवंती, तर दुसऱ्या बाजूवर मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस व बैरागी हे राग आहेत. प्रत्येक रचना सुमारे पाच मिनिटांची आहे. रागांचा क्रम समयचक्रानुसार लावलेला नाही: मैफिलीचा समारोप जिने करण्याची परंपरा आहे ती भैरवी येथे आरंभीच येते. भूपाळी, कलावती, मालकंस आणि बैरागी हे चार राग औडव, म्हणजे पाच स्वरांचे आहेत. विलंबित विस्ताराला येथे वाव नाही. एकसारख्या चौपट ठेक्यामुळे रागाचे चलन छोट्या, पुनरावृत्त स्वरसमूहांतून मांडले जाते.

पुनःप्रकाशन

अल्बमला व्यावसायिक यश मिळाले नाही. २००२ मध्ये डच संग्राहक एडो बाऊमन यांना त्याची एक प्रत दिल्लीतील दुकानात मिळाली. त्यांनी पुढे सिंग यांचा मुंबईत शोध घेतला आणि २०१० मध्ये बॉम्बे कनेक्शन या आपल्या संस्थेतर्फे अल्बम पुन्हा प्रकाशित केला. त्याचा नाद इतका आधुनिक वाटत होता की ही अलीकडची बनावट असावी, अशी शंकाही काहींनी घेतली. त्यानंतर सिंग यांनी आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत युरोपात या संगीताचे कार्यक्रम केले. ५ जुलै २०१५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

मूल्यमापन

टीबी-३०३ च्या विशिष्ट नादावर उभी राहिलेली ‘ॲसिड हाऊस’ ही नृत्यसंगीताची शैली शिकागो येथे रूढ झाली. फ्यूचर या गटाची १९८७ मधील ‘ॲसिड ट्रॅक्स’ ही रचना तिचा आरंभबिंदू मानली जाते. त्याच यंत्राचा तसाच वापर सिंग यांनी पाच वर्षे आधी केल्याने त्यांना अनेकदा या शैलीचे जनक म्हटले जाते. हे विधान काटेकोर नाही. शिकागोतील कलावंतांनी हा अल्बम ऐकल्याचा पुरावा नाही, आणि सिंग यांचा उद्देश नवी नृत्यशैली घडवण्याचा नसून राग वाजवण्याचा होता. एकाच यंत्रातून दोन ठिकाणी, एकमेकांच्या नकळत निर्माण झालेले समांतर प्रयोग, असे त्यांचे वर्णन अधिक योग्य ठरते. केवळ शिकागोच्या मोजपट्टीने पाहिल्यास या अल्बमचे मूळ वैशिष्ट्य, म्हणजे रागाच्या नियमांना नव्या यंत्राच्या मर्यादेत बसवण्याचा प्रयत्न, नजरेआड होते.