भूगर्भातील संगीतसभा

अमेरिकेच्या टेनेसी राज्यात मॅकमिनव्हिल नगरानजीक कंबरलँड कॅव्हर्न्स ही विशाल गुहा आहे. इ. स. १८१० मध्ये एरन हिगिनबॉथम नामक भूमापक तीत एकटाच उतरला, हातातील मशाल विझली, आणि सुटका होईतो भीतीने त्याचे केस पांढरे झाले, अशी आख्यायिका तेथे सांगतात. तिच्यावर कितपत विश्वास ठेवावा हा ज्याचा त्याचा प्रश्न. परंतु बंदुकीच्या दारूस लागणारा सोरा पुढे या गुहेतून काढीत असत, हे मात्र खरे.

इ. स. २००८ मध्ये टॉड मेयो हे गृहस्थ कुटुंबासह गुहा पाहावयास गेले असता तेथील ‘व्होल्कॅनो रूम’ नामक दालनात जलसा करण्याची कल्पना त्यांना सुचली आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टात ‘ब्लूग्रास अंडरग्राउंड’ ही मालिका सुरू झाली. दालन जमिनीखाली ३३३ फूट. ज्वालामुखीशी त्याचा संबंध नावापुरताच, खडक चुनखडीचा. छताला ब्रुकलीनच्या एका जुन्या नाट्यगृहातून आणलेले पाऊण टन वजनाचे स्फटिकांचे झुंबर. बाहेर उन्हाळा असो वा हिवाळा, आत सुमारे १३ अंश सेल्सिअस तापमान. श्रोत्यांनी उबदार वस्त्रे घेऊन पायीच आत जावयाचे.

ब्लूग्रास हे ग्रामीण परंपरेतून निघालेले संगीत बिल मन्रो व त्यांच्या साथीदारांनी १९४० नंतरच्या दशकात घडविले. बँजो, मँडोलिन, फिडल, गिटार, डबल बास ही सारी तंतुवाद्ये. मूळ परंपरेत तालवाद्य नाही. तारेचा बारीक झणत्कार कानी येण्यास शांतता लागते, आणि ती गुहेइतकी अन्यत्र कोठे लाभणार? दगडी सभामंडपात नाद घुमून शब्दावर शब्द चढतो, हा सर्वांच्या अनुभवाचा भाग आहे. येथील भिंती मात्र ओबडधोबड. त्यामुळे ध्वनी एका दिशेने न परतता विखुरतो.

प्रथम डब्ल्यूएसएम या नॅशव्हिलच्या जुन्या रेडिओ केंद्रावरून हे जलसे ऐकविले गेले, इ. स. २०११ पासून पीबीएस या सार्वजनिक दूरचित्रवाणीवर ते दिसू लागले. दोन-तीन दिवसांत श्रोत्यांसमोर सलग मैफली करून अख्ख्या हंगामाचे चित्रण उरकीत. ब्लूग्रासखेरीज इतर प्रकारांचे गायकही पुढे बोलावण्यात आले. परंपरानिष्ठांस हे रुचले नसेल. पण केवळ एका प्रकारावर दूरचित्रवाणीचा प्रेक्षक वर्षानुवर्षे टिकत नाही, हेही तितकेच खरे.

इ. स. २०१८ मध्ये मालिका ग्रंडी परगण्यातील पेलहॅम येथील दुसऱ्या गुहेत हलविण्यात आली. त्या दरिद्री परगण्यास तिचा लाभ झाला असल्यास आनंदच आहे. तथापि जिच्या बळावर कीर्ती मिळाली, ती गुहा मागे पडली, आणि मालिकेचे नाव मात्र नव्या ठिकाणी गेले. पुढे तेही बदलून ‘द कॅव्हर्न्स सेशन्स’ असे झाले. जुन्या गुहेत निराळ्या नावाने जलसे होत राहिले, परंतु मालिका तेथे परतली नाही. झुंबर मात्र आपल्या जुन्याच दालनात राहिले.