तो टीव्ही, ती दूरचित्रवाणी, ते दूरदर्शन

लग्न होऊन उज्जैनला आले त्याला आठवडाही झाला नव्हता. सासूबाई म्हणाल्या, "टीव्ही चालव गं जरा." मला हसूच आलं. आमच्या सांगलीकडे टीव्ही 'लावतात'. चालवायला ती काय सायकल आहे? पण इथली मराठी घरं पिढ्यान् पिढ्या हिंदीच्या शेजारात नांदलेली. हिंदीत टीव्ही 'चलाते हैं', म्हणून फ्रीगंजच्या मराठीतही तो चालतो. ही १९९१ सालची गोष्ट. आज माझ्याही तोंडात 'चालव'च येतं आणि माहेरी गेले की भाचरं मला हसतात.

पाटीवरचं नाव एक आणि तोंडातलं दुसरं, याची आम्हा फ्रीगंजवाल्यांना सवयच आहे. कागदावर माधवनगर लिहितो, पण टॉवर चौकाकडे यायचं असलं की रिक्षावाल्याला फ्रीगंजच सांगतो. टीव्हीचंही तसंच झालं.

'टेलिव्हिजन' हा शब्द १९०० साली पॅरिसमध्ये कॉन्स्टन्टिन पर्स्की नावाच्या रशियन गृहस्थांनी एका सभेत वापरला. तेव्हा घराघरांत असं काही यंत्र नव्हतंच. 'टेली' म्हणजे दूर, हा तुकडा ग्रीक. 'व्हिजन' म्हणजे पाहणं, हा लॅटिन. दोन घरांची सोयरीक जुळवून शब्द तयार झाला. आपल्या देशात १५ सप्टेंबर १९५९ ला दिल्लीत प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झालं, मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ ला केंद्र उघडलं. तोवर हा सगळा संसार आकाशवाणीच्याच छपराखाली होता. १ एप्रिल १९७६ ला टीव्ही वेगळा निघाला आणि स्वतंत्र खात्याचं नाव पडलं 'दूरदर्शन'.

पुढे कित्येक वर्षं दुसरी वाहिनी नव्हतीच, त्यामुळे खात्याचं नाव तेच वस्तूचं नाव झालं. मराठी पुस्तकी भाषेने मात्र आपला वेगळा शब्द ठेवला, 'दूरचित्रवाणी'. शब्द लांबलचक खरा, पण प्रामाणिक. दूरचं चित्र आणि दूरची वाणी, दोन्हींचा हिशेब त्यात आहे. रेडिओला 'नभोवाणी' म्हणणाऱ्या भाषेला तो शोभतोही. पण "दूरचित्रवाणी बंद कर आणि जेवायला बस" असं म्हणणारी आई मी अजून पाहिलेली नाही.

गंमत बघा. वस्तू एकच, पण मराठीत तो टीव्ही, ती दूरचित्रवाणी आणि ते दूरदर्शन. तिन्ही लिंगं झाली! घरात 'तो' राहतो, निबंधात 'ती' आणि सरकारी पत्रात 'ते'.

या तिघांत सासूबाईंना 'दूरदर्शन' आवडायचा, तो त्यातल्या 'दर्शन'साठी. इंग्रजीतलं पाहणं हे नुसतं पाहणं. आपण भाजी 'बघतो', नाटक 'पाहतो', पण देवाचं 'दर्शन' घेतो. शिवाय आपल्या रत्नत्रयात पहिलं सम्यक् दर्शन. तिथे त्याचा अर्थ श्रद्धा. पाठशाळेत आपण दर्शनाचे चार भेदही पाठ केले आहेत: चक्षुदर्शन, अचक्षुदर्शन, अवधिदर्शन, केवलदर्शन. इंद्रियांच्या मदतीशिवाय दूरच्या वस्तूचा बोध होतो ते अवधिदर्शन. सासूबाई म्हणायच्या, "पूर्वी दूरचं दिसायला तप लागायचं. आता केबलचं बिल भरलं की झालं."

त्यांची एकच मोठी इच्छा होती, श्रवणबेळगोळचा महामस्तकाभिषेक पाहायचा. तो साधारण बारा वर्षांनी येतो. १९८१ चा सोहळा मूर्तीच्या सहस्राब्दीचा. तेव्हा हाताशी पैसे नव्हते. १९९३ ला पैसे होते, तिकिटंही काढली होती. पण त्याच डिसेंबरात माझं पहिलं बाळंतपण आलं. माहेर लांब, दिवस अवघड. त्यांनी तिकिटं परत करायला लावली आणि त्यावर पुन्हा चकार शब्द काढला नाही. त्यांचं ते न बोलणं मला वर्षानुवर्षं बोचत राहिलं.

२००६ चा सोहळा आला तेव्हा त्यांचे गुडघे गेले होते. अभिषेक टीव्हीवर दाखवत होते. मी त्यांची खुर्ची पुढे ओढली. त्यांनी धूतवस्त्र नेसलं, हात जोडले. दूध, हळद, चंदन बाहुबलींच्या मस्तकावरून ओघळत होतं. इतक्या जवळून तर तिथे गेलेल्यांनाही दिसलं नसेल. मला वाटलं, चला, फिटलं थोडंफार.

तेवढ्यात त्या म्हणाल्या, "पायाकडे दाखवत नाहीत का गं? तिथे आपली मराठी आहे ना."

खरंच आहे. चामुंडरायाने दहाव्या शतकात उभारलेल्या त्या मूर्तीच्या पायाशी, कन्नड आणि तमिळ लेखांच्या जोडीला मराठी अक्षरं कोरलेली आहेत. मराठीतल्या फार जुन्या लेखांत त्यांची गणना होते. ही मूर्ती कुणी करवली, हे ती सांगतात. हिंदीच्या मुलखात जन्म काढलेल्या बाईला ती डोळ्यांनी पाहायची होती. पण कॅमेरा मस्तकावरून हलेना. आम्ही तासभर वाट पाहिली. शेवटी त्याच म्हणाल्या, "असू दे. तो दाखवेल तेवढंच आपण बघायचं. दर्शन झालं, पण दूरचं."

त्या शब्दाचा अर्थ मला त्या दिवशी कळला. शब्दकोशात 'दूर' म्हणजे अंतर. सासूबाईंच्या बोलण्यात त्याचा अर्थ होता, नजर आपली पण मान दुसऱ्याच्या हातात. मंदिरात आपण हवं तिकडे वळतो, पायाशी बसतो. इथे ते नाही. तरी त्यांनी हात जोडले होते ते खोटे नव्हते. श्रद्धा त्यांची होती, ती काही केबलमधून आलेली नव्हती.

२००९ साली त्या गेल्या. २०१८ चा सोहळा आटोपून गर्दी ओसरल्यावर मी लेकीला घेऊन श्रवणबेळगोळला गेले, जिच्या जन्मापायी तिकिटं परत गेली होती तिलाच. विंध्यगिरीच्या सहाशेहून जास्त पायऱ्या अनवाणी चढलो. सगळे वर पाहत होते, आम्ही दोघी खाली वाकलो. वाटाड्याने बोट करून ओळ दाखवली. लेकीचं सगळं शिक्षण हिंदीत, पण नागरी अक्षरांशी ओळख आहेच. तिने अडखळत एकेक अक्षर लावलं.

उतरताना म्हणाली, "आई, आजीला हेच बघायचं होतं ना?"

मी हो म्हटलं. पंचवीस वर्षं उशीर झाला होता, पण या वेळी मधे कॅमेरा नव्हता.