शिळाछाप ते ईपब : मराठी ई-पुस्तक कुठे अडले?

सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या सोनाळ्यात (जि. बुलढाणा) कोणी मोबाइलवर जुन्या मराठी पुस्तकाची पीडीएफ उघडली, तर पान मोठे करून प्रत्येक ओळ डावी-उजवीकडे सरकवत वाचावी लागते. दोष फोनचा नाही. #थ्रेड

१८३१ साली गणपत कृष्णाजींनी मुंबईत मराठी पंचांग शिळाछापावर काढले. शिळाछापात सुटे खिळे नसतात. अख्खे पान चित्रासारखे उमटते. स्कॅन केलेली पीडीएफ त्याच जातीची. १९९३ मध्ये पीडीएफ आली तीच मुळी छापील पान जसेच्या तसे राखण्यासाठी.

ईपबची (२००७) रीत उलट. तेथे मजकूर पडद्याच्या रुंदीप्रमाणे वाहतो. कोविद गोयल यांनी २००६ मध्ये सुरू केलेले 'कॅलिबर' पुस्तक एका स्वरूपातून दुसऱ्या स्वरूपात सहज नेते. मग मराठी पुस्तके का अडली?

युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासूनच होती. प्रकाशकांकडील अक्षरजुळणी मात्र पुढेही दीर्घकाळ श्रीलिपी, आकृती अशा प्रणालींच्या जुन्या फाँटांत होत राहिली. या फाँटांत देवनागरीचे तुकडे रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेले असत. फाँट बदलला की मराठीऐवजी निरर्थक रोमन चिन्हे दिसत. कॅलिबर ती चिन्हे इमानेइतबारे ईपबमध्ये नेई, एवढेच!

रूपांतरकाची खरी परीक्षा ऱ्हस्व इकार आणि रफार यांत. 'किती' लिहिताना जुन्या फाँटात वेलांटी आधी, 'क' नंतर. युनिकोडमध्ये 'क' आधी. 'धर्म'मधला रफार जुन्या फाँटात 'म'नंतर, युनिकोडमध्ये 'म'च्या अगोदर. नुसती चिन्हे बदलून भागत नाही, त्यांचा क्रमही हलवावा लागतो. शिवाय प्रत्येक फाँटाचा आराखडा निराळा. म्हणून रूपांतरानंतर मुद्रितशोधन टळत नाही, आणि खर्चाचे गणित बहुधा तिथेच फसते.

किंडलवर मराठी पुस्तके डिसेंबर २०१६ मध्ये आली. २०२२ मध्ये ॲमेझॉनने किंडलवर पुस्तके पाठवण्याच्या सेवेत ईपब स्वीकारले व पुढे जुन्या मोबीला निरोप दिला. त्यामुळे आज युनिकोड मजकूर हाती असेल तर ईपब करून ठेवावे; बहुतेक वाचनयंत्रांना तो पुरतो. केवळ स्कॅन असेल तर कॅलिबरवर वेळ दवडू नये. आधी ओसीआर, मग माणसाच्या डोळ्यांखालून एक वाचन.

हे न झालेल्या पुस्तकांत शब्द शोधता येत नाही. अंध वाचकाचे स्क्रीनरीडर तर त्या पानापाशी गप्पच राहते.