बिजागऱ्यांवरची जीप

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी फौजेसाठी घडलेल्या विलीस जीपची जुळणी १९४७ नंतर महिंद्रांनी मुंबईत सुरू केली. आमच्या लातूर-नांदेडकडं मात्र तिला दुसरा जन्म दिला तो गॅरेजवाल्यांनी. १९७३ नंतर पेट्रोल महागलं, तेव्हा अनेकांनी तिच्यात डिझेल इंजिन बसवून घेतलं. आमच्या काकांनी त्याबरोबर मागची बाकडीही बिजागऱ्यांवर घेतली. दुमडली की हरभऱ्याची पोती लातूरच्या आडत बाजारात. उघडली की रविवारी सगळं गणगोत माहूरला, नाहीतर कंधारच्या किल्ल्यावर. काकू तिला सवत म्हणायच्या!

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. काकांनी बाकडी दुमडली, खाली कडबा, वर गोधड्या अंथरल्या आणि दिवसभर जखमींना लातूरला पोचवलं. बिजागऱ्या होत्या म्हणून माणूस आडवा नेता आला.

आता असले फेरफार मनाला येतील तसे करता येत नाहीत. मूळ रचनेशी विसंगत बदल चालणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानंही २०१९ मध्ये बजावलं. ते बरोबरच आहे म्हणा. काकांच्या जीपला धड हँडब्रेक नव्हता. उतारावर चाकाखाली दगड लावायला मी नेमलेला असे.