वाफेचे वाफे

डोळे उघडा, पण बेताने. ऊन सहन होणार नाही. जानेवारी १८७५. अटाकामा वाळवंटातलं लास सालिनास. आज हा मुलूख बोलिव्हियाचा आहे, पुढे होणाऱ्या युद्धानंतर तो चिलीकडे जाईल. आसपास सोरा आणि चांदीच्या खाणी. झाड नाही, ढग नाही. घशाला कोरड पडलीय.

विहिरीचं पाणी दिसताच तुम्ही ओंजळ भरता आणि पहिलाच घोट थुंकून टाकता. लिटरमागे सुमारे १४० ग्रॅम क्षार, म्हणजे समुद्राच्या चौपट!

आता पुढे बघा. काचेची छपरं घातलेले ६४ लाकडी वाफे. एकेक साठ मीटर लांब, सव्वा मीटर रुंद. १८७२ मध्ये चार्ल्स विल्सन या स्वीडिश अभियंत्याने ते मांडले. एकाशेजारी उकिडवे बसा. तळ काळा रंगवलाय, ऊन धरून ठेवायला. त्यावर खाऱ्या पाण्याचा उथळ थर. पाण्याची वाफ होते, मीठ तळाशीच राहतं. काचेला आतून आधी नुसतं धुकं, मग मोहरीएवढे थेंब, मग ज्वारीएवढे. एक थेंब जड होऊन घसरतो, वाटेतल्या दोघाचौघांना सोबत घेतो आणि पन्हळीत उतरतो. काच पुरेशी उतरती नसती, तर तो परत खाऱ्या पाण्यातच पडला असता.

एक चौरस मीटर काच दिवसाला जेमतेम पाच लिटर देते. पण इथे काच साडेचार हजार चौरस मीटरहून जास्त आहे. म्हणून चांगल्या दिवशी वीस हजार लिटरच्या वर पाणी उतरतं. जाळायला ना लाकूड, ना कोळसा.

भांडं तोंडाला लावा. चव? काहीच नाही. इतकं बेचव पाणी इतकं गोड कधी लागलं होतं?

पण उठायची घाई नको. शेजारी एक माणूस काचेवरची धूळ पुसतोय. धूळ बसली की ऊन अडतं. दुसरा तळात साचलेला खार धुऊन काढतोय. खार तसाच राहिला तर वाफा निकामी होईल. ऊन फुकट मिळतं, निगा नाही. याच निगेवर हे वाफे चाळीसएक वर्षं चालणार आहेत.

काच पुसणारा तुमच्याकडे बघतो. पाणी प्यायलात ना? मग तो दुसरं फडकं पुढे करतो.