तांबड्या लांडग्याचा मुलूख



संकरित लांडग्यांचे कळप, त्यांच्या राज्यांच्या सीमा, त्या सीमांच्या आतली हरणं आणि अस्वलं, असे कल्पित नकाशे रंगवण्याचा छंद हल्लीच्या मुलांत बराच दिसतो. छंद वाईट नाही. आज आपण ज्या कळपांबद्दल बोलणार आहोत त्यांचा मुलूख मात्र खऱ्या नकाशावर आहे, आणि ते कळप संकरित आहेत की नाहीत या प्रश्नावर गेली पन्नास वर्षं माणसं भांडत आहेत. भांडणात शास्त्रज्ञ आहेत, वकील आहेत, शिकारी आहेत. आम्ही तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी. आम्हाला या भांडणात आपलं घर दिसतं, ते का हे पुढे सांगू.

आधी मुलूख पाहू. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर उत्तर कॅरोलायना नावाचं राज्य आहे. तिथे ॲल्बमार्ल नावाचा एक सपाट, ओला भूभाग समुद्राच्या खाडीत घुसलेला आहे. उंची जवळजवळ नाहीच. दलदल, तिच्यावर दाट झुडपं, खाली कुजलेल्या पाल्याचा काळा जाड थर. या झुडपी दलदलीला तिथले लोक ‘पोकोसिन’ म्हणतात. काळी अस्वलं इथे भरपूर. मगरीचा अमेरिकन भाऊबंद, म्हणजे ॲलिगेटर, साधारण इथवरच आढळतो. याच्या उत्तरेला थंडी त्याला सोसत नाही. पांढऱ्या शेपटीची हरणं, रॅकून, दलदलीतले ससे, आणि दक्षिण अमेरिकेतून कातड्यासाठी आणलेला आणि मग मोकाट सुटलेला न्यूट्रिया नावाचा घुशीसारखा मोठा प्राणी, हे इथलं लांडग्याचं ताट. मध्येमध्ये मका, सोयाबीनची शेतं. आणि या सगळ्याला छेदून जाणारा महामार्ग क्रमांक ६४, ज्याच्यावर सुट्टीत समुद्राकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग लागते.

इथला तांबडा लांडगा आपल्या माळावरच्या लांडग्याएवढाच, वजन वीस ते पस्तीस किलोच्या आसपास. कानामागे आणि पायांवर तांबूस झाक. कळप म्हणजे एक जोडपं आणि त्यांची एक-दोन वर्षांची पोरं, पाच-सहा-आठ जनावरं. एका कळपाचा मुलूख पंचवीस चौरस किलोमीटरपासून दीडशे-पावणेदोनशेपर्यंत असू शकतो. मूत्र, विष्ठा आणि रात्रीची आरोळी, ही त्यांची सातबाऱ्यावरची नोंद. पोर वयात आलं की घर सोडतं, रिकामा मुलूख आणि जोडीदार शोधतं. या साध्या नियमातच पुढची सगळी शोकांतिका आहे, म्हणून तो लक्षात ठेवा.

आता इतिहास. एकेकाळी हा प्राणी अमेरिकेच्या सगळ्या आग्नेय भागात होता. विल्यम बार्ट्राम या निसर्गअभ्यासकाने अठराव्या शतकात फ्लोरिडातल्या काळ्या लांडग्यांबद्दल लिहिलं; ऑड्युबॉन आणि बॅकमन यांनी १८५१ मध्ये टेक्सासच्या तांबड्या लांडग्याला नाव दिलं. नाव मिळेपर्यंत बंदूक पोचलेलीच होती. मॅसॅच्युसेट्स वसाहतीने लांडग्याच्या डोक्याला बक्षीस १६३० मध्येच लावलं होतं, आणि ही पद्धत वसाहतीमागून वसाहत पसरत गेली. विसाव्या शतकात १९१५ पासून खुद्द केंद्र सरकारने पगारी शिकारी नेमले. विष, सापळे, बिळातून पिल्लं ओढून काढणं. जंगलं तोडून शेतं झाली, ते वेगळंच.

लांडगे गेले तशी जागा रिकामी झाली, आणि रिकाम्या जागेत पश्चिमेच्या गवताळ प्रदेशातून कायोटी सरकत आला. आपल्याकडे त्याला शब्द नाही. आपल्या कोल्ह्याहून थोडा मोठा, लांडग्याहून लहान, आणि अतिशय चिवट. भरल्या मुलखात लांडगा त्याला टिकू देत नाही. पण मुलूख ओस पडला की वयात आलेला एखादा लांडगा मैलोन्‌मैल हिंडतो, स्वजातीचं कोणी भेटत नाही, आणि भेटतो तो कायोटी. मग जोडी जुळते. १९६२ साली हॉवर्ड मॅकार्ली या प्राणिशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की ज्यांना लोक तांबडे लांडगे समजत होते त्यातले बरेच प्रत्यक्षात कायोटी किंवा मिश्र होते. म्हणजे कागदावर लांडगे शिल्लक, रानात संपत आलेले.

१९७३ मध्ये अमेरिकेत संकटग्रस्त प्रजातींचा कायदा झाला आणि शेवटच्या आशेने एक मोहीम निघाली. टेक्सास आणि लुइझियाना यांच्या सीमेवरच्या किनारी दलदलीत तेवढे काही लांडगे उरले होते. तेही जंतांनी आणि खरजेने खंगलेले. १९७३ ते १९८० या काळात चारशेहून जास्त जनावरं पकडली. कवटीची मापं घेतली, क्ष-किरण चित्रं काढली, आरोळ्या ध्वनिमुद्रित करून तपासल्या. त्यातली फक्त ४३ लांडगा वाटली म्हणून वॉशिंग्टन राज्यातल्या टकोमाच्या प्राणिसंग्रहालयाच्या प्रजनन केंद्रात पाठवली. तिथे पिल्लं झाली की पिल्लांकडे बघून आईबापांची परीक्षा! पिल्लं कायोटीसारखी दिसली तर आईबाप बाद. शेवटी वंश पुढे चालला तो फक्त १४ जनावरांचा. आज जगात जे तांबडे लांडगे आहेत ते सगळे त्या चौदांचे वारस. १९८० मध्ये रानातून ही जात संपल्याचं जाहीर झालं. ती जाणीवपूर्वकच संपवली होती, बरं का. उरलेली जनावरं कायोटीत विरघळण्याआधी उचलून आणली.

इथे क्षणभर थांबू. चारशेतून चौदा निवडताना त्या लोकांकडे जनुकीय चाचणी नव्हती. त्यांच्या मनात लांडग्याचं एक चित्र होतं आणि त्या चित्राशी जुळेल ते घेतलं. प्लेटोचा विद्यार्थी म्हणेल, बरोबरच आहे, आकृती आधी, व्यक्ती नंतर. आपले नैयायिक काय म्हणतील? उदयनाचार्यांनी ‘जाति’ कशाला म्हणू नये याची सहा कारणं सांगितली, त्यातलं एक चक्क ‘संकर’ आहे. भूतत्व आणि मूर्तत्व घ्या. आकाश भूत आहे पण मूर्त नाही. मन मूर्त आहे पण भूत नाही. पृथ्वी दोन्ही आहे. असे दोन धर्म एकमेकांना सोडूनही राहतात आणि एका ठिकाणी मिसळतातही, म्हणून त्यांना खऱ्या जातीचा मान नाही. जाती एकतर एकीच्या पोटात दुसरी असाव्यात, नाहीतर पूर्ण वेगळ्या. हा नियम तर्कासाठी देखणा आहे. लांडगा आणि कायोटी यांना तो लावला तर दोघांचीही जात जाईल. आणि ‘संकर’ हा शब्द आपल्या भाषेत किती भय घेऊन येतो हे वेगळं सांगायला नको; गीतेच्या पहिल्याच अध्यायात अर्जुनाच्या तोंडी तो आहे. जनावरांबद्दल बोलतानाही ते भय सुटत नाही, फक्त त्याला शास्त्रीय कपडे चढतात.

अमेरिकन सरकारी वकिलांनी हेच कपडे कायद्याला चढवले होते. १९७७ मध्ये असा अभिप्राय दिला गेला की संकरित संततीला कायद्याचं संरक्षण नाही. अर्थ काय झाला? उद्या कोणी सिद्ध केलं की तांबडा लांडगा मुळातच संकरित आहे, तर परवापासून तो कोणीच नाही. १९९१ मध्ये वेन आणि जेंक्स यांनी ‘नेचर’मध्ये नेमकं हेच सुचवलं. पण त्याच्या थोडं आधी, १९९० च्या डिसेंबरात, तो अभिप्राय मागे घेतला गेला होता. १९९१ मध्येच ओब्रायन आणि अर्न्स्ट मायर यांनी त्या धोरणावर ‘सायन्स’मध्ये खरमरीत लिहिलं. मायर म्हणजे तेच, ज्यांनी आपसात प्रजनन करू शकणारे आणि इतरांपासून वेगळे राहणारे समूह म्हणजे प्रजाती, ही व्याख्या रूढ केली. खुद्द व्याख्याकारच सांगत होते की थोडी मिसळण झाली म्हणून प्रजाती बुडत नाही. संकरितांचं काय करायचं याचं नवं पक्कं धोरण मात्र आजतागायत झालेलं नाही. १९९६ मध्ये एक मसुदा आला आणि मसुदाच राहिला.

दरम्यान लांडगे रानात परतले होते. १९८७ मध्ये ॲलिगेटर रिव्हर अभयारण्यात चार जोड्या सोडल्या. पुढच्याच वर्षी रानात पिल्लं झाली. मांसाहारी प्राणी रानातून पूर्ण संपल्यावर पुन्हा तिथे वसवण्याचा हा अगदी पहिल्या प्रयोगांतला एक. यलोस्टोनचे प्रसिद्ध लांडगे त्यानंतर आठ वर्षांनी आले. ती जागा निवडली तेव्हा तिथे कायोटी नव्हता. नव्वदच्या दशकात तो तिथेही पोचला.

मग जी युक्ती निघाली ती आम्हाला या सगळ्या इतिहासातली सर्वांत विचारी गोष्ट वाटते. कायोटी मारून संपत नाही. एक मारला की रिकाम्या जागी दोन येतात. म्हणून १९९९-२००० पासून कायोटी पकडायचे, त्यांची नसबंदी करायची आणि त्यांच्याच मुलखात परत सोडायचे. हार्मोन शाबूत, त्यामुळे ते जोडीने राहणार, सीमा राखणार, परक्या कायोटीला हुसकावणार. पण पिल्लं होणार नाहीत. जागा धरून बसलेले भाडेकरूच म्हणा ना. लांडग्याचं पोर मोठं झालं की ते येऊन या भाडेकरूला उठवणार. सीमा तीच, राखणारा बदलला! यातून संकर अगदी थोडा उरला, आणि रानातली संख्या एकेकाळी सव्वाशेच्या आसपास गेली. प्राणिसंग्रहालयात जन्मलेली, काही दिवसांची पिल्लं रानातल्या बिळात दत्तक ठेवण्याचं कामही याच काळात सुरू झालं. आई मोजत नाही, वाढवते.

याची दुसरी बाजू सांगितली पाहिजे. कायोटीपासून झालेली पिल्लं बिळात सापडली तर ती मारली जात. लांडगिणीचीच पिल्लं, तिच्याच मुलखातली. जात वाचवायची तर हे करावं लागतं, असं तिथल्या जीवशास्त्रज्ञांचं म्हणणं, आणि त्यात तथ्य आहे. चौदांच्या वारसांना विरघळू देणं म्हणजे मघाची सगळी मेहनत पाण्यात. तरीही आम्हाला ते पचत नाही. जिवंत पिल्लाला वर्गीकरणाचा दंड देताना निदान हात थरथरावा. तो थरथरत असेलही. अहवालांत तसं लिहीत नाहीत.

मोडलं ते सगळं माणसांच्या बाजूने. काही जमीनमालकांना लांडगा नकोसा होता, रात्रीच्या कायोटी-शिकारीत लांडगेही गोळीला बळी पडत, कोर्टकचेऱ्या सुरू झाल्या. २०१५ मध्ये सरकारने नवे लांडगे सोडणं थांबवलं. २०२० पर्यंत रानात गळपट्टा लावलेले दहासुद्धा उरले नव्हते. मध्येच २०१६ मध्ये आणखी एक अभ्यास आला: तांबड्या लांडग्याची सुमारे तीन चतुर्थांश वंशावळ कायोटीची. विरोधकांना आयतं कोलीत मिळालं. मग काँग्रेसच्या सांगण्यावरून राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने सगळा पुरावा पाहिला आणि २०१९ मध्ये निर्वाळा दिला की तांबडा लांडगा ही स्वतंत्र प्रजाती मानणंच योग्य आहे. न्यायालयाच्या रेट्याने २०२१ पासून लांडगे पुन्हा सोडले जाऊ लागले. २०२२ मध्ये ॲलिगेटर रिव्हरमध्ये, मिलटेल नावाच्या ओढ्यावरून ओळखल्या जाणाऱ्या कळपात, सहा पिल्लं झाली. रानातली चार वर्षांतली ती पहिली.

आणखी एक गोष्ट, आमच्या फार आवडीची. १९८० मध्ये टेक्सासच्या किनाऱ्यावरून ही जात उचलली होती. २०१८ मध्ये तिथल्याच गॅल्व्हस्टन बेटावरच्या कायोटींची तपासणी झाली, तर त्यांच्यात तांबड्या लांडग्याचे अंश मिळाले. त्यात काही असे, जे त्या चौदांच्या वारसांमध्येही नाहीत. म्हणजे ज्या मिश्र पिल्लांच्या आईबापांना कवटी मोजून बाद केलं, त्यांच्या भाऊबंदांनी चाळीस वर्षं तो वारसा सांभाळला. ज्याला बाटलेलं म्हटलं तीच तिजोरी निघाली. आता शुद्ध वंश टिकवण्यासाठी त्या संकरितांकडे जावं का, यावर गंभीरपणे विचार चालू आहे.

आपल्याकडचं एक वाक्य सांगून थांबतो. पुणे जिल्ह्यातल्या माळरानांवर लांडगा आणि गावकुत्रा यांचा संकर झाल्याचं अलीकडे जनुकीय तपासणीने सिद्ध झालं आहे. आपला लांडगा १९७२ च्या कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे. गावकुत्रा त्यात नाही. त्यांच्या पिल्लाचं काय, हे कायदा सांगत नाही. तिथे कायोटीच्या जागी कचऱ्यावर पोसलेली कुत्री आहेत, आणि रिकामा मुलूख आपण प्लॉट पाडून तयार करतो आहोत. धनगर मंडळींना मात्र असं जनावर लांबून ओळखू येतं, चालीवरून. त्यांच्याशी बोललेले कोणी श्रोत्यांत असतील तर प्रश्नोत्तरांत त्यांनी आधी बोलावं.