बार्शीची नोंदवही आणि साथीची वर्षे

१३ मार्च २०२० रोजी महाराष्ट्र सरकारने करोनाविरुद्ध जो कायदा लागू केला, तो १८९७ सालचा होता. प्लेगच्या धास्तीने इंग्रजांनी घाईघाईत केलेला. त्याच १८९७ साली बार्शी लाइट रेल्वेची चिमुकली गाडी बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, ते बार्शी धावू लागली. सोलापूर जिल्ह्यातल्या साथींचा विचार करताना हा कायदा आणि ही गाडी मला नेहमी जोडीने आठवतात. साथ आली की सरकार आधी वाट अडवते. आणि आजारी माणसाचे सारे काही वाटेवरच अवलंबून असते. पटकीच्या दिवसांत पंढरीच्या यात्रेवर निर्बंध आले होते. २०२० च्या आषाढीसाठी, आदल्या दिवशी ३० जूनला, पादुका एसटीतून पंढरपुरात आल्या. वारकऱ्यांनी घरी बसून हात जोडले आणि पुढच्या वर्षाची वाट पाहिली. ज्याच्या केमोची पुढची तारीख २१ दिवसांनी आहे, त्याला मात्र पुढच्या वर्षाची वाट पाहता येत नाही.

साथीचा इतिहास लिहिताना आपण रोजच्या पत्रकांवर विसंबतो: बाधित किती, बरे किती, मृत किती. सोलापूर शहरातला पहिला रुग्ण १२ एप्रिल २०२० रोजी समोर आला, तो दगावल्यानंतरच. पुढच्या दोन महिन्यांत शहराच्या मृत्युदराची राज्यभर चर्चा झाली. या पत्रकांत कर्करोगाला जागा होती ती ‘सहव्याधी’ या एका शब्दात. हा शब्द मला खटकतो. ज्याच्या घरात चार वर्षे या आजाराशी झुंज चालली आहे, त्याच्या दृष्टीने करोना ही सहव्याधी होती, कर्करोग नव्हे. पण पत्रक ज्याचे, त्याची भाषा.

म्हणून मी दुसऱ्या कागदांकडे वळलो. सुदैवाने आपल्याच जिल्ह्यात त्यांची फार मोठी परंपरा आहे. बार्शीचे कर्करोग रुग्णालय नर्गिस दत्त यांच्या नावाचे. स्वादुपिंडाच्या कर्करोगाने त्या ३ मे १९८१ रोजी गेल्या. या रुग्णालयाभोवती डॉ. भगवान नेने यांनी जे काम उभे केले, त्यातला सर्वांत टिकाऊ भाग म्हणजे एक नोंदवही. १९८७ साली बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतल्या ३४६ गावांसाठी भारतातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. टाटा स्मारक केंद्राचा तिला आधार होता आणि डॉ. कस्तुरी जयंत यांची संशोधनाची शिस्त.

शहरात अशी नोंदणी करणे त्या मानाने सोपे. रुग्णालये, प्रयोगशाळा, मृत्यूचे दाखले यांचे कागद गोळा केले की चित्र तयार होते. खेड्यात कागदच नसतो. बाई अंगावरून जाते म्हणून महिनोन्‌महिने गप्प राहते, देवऋषी होतो, जडीबुटी होते, आणि एक दिवस ती घरातच जाते; दाखल्यावर कारण म्हणून ‘म्हातारपण’ किंवा तेही नाही. तेव्हा बार्शीच्या नोंदणीने उलटी वाट धरली. रुग्ण येण्याची वाट न पाहता कार्यकर्ते गावात जाऊ लागले, जाणत्या माणसांना भेटू लागले, कुणाच्या तोंडातली जखम भरत नाही, कुणाला पाळी गेल्यावरही रक्तस्राव होतो, हे विचारू लागले. संशयित दिसला की त्याला तपासणीसाठी बार्शीला यायला राजी करायचे.

याचा परिणाम नोंदवहीच्या हेतूच्या पलीकडे गेला. मोजायला आलेल्या माणसाने विचारलेला प्रश्न हेच आरोग्यशिक्षण ठरले. या भागातल्या बायकांत गर्भाशयमुखाचा कर्करोग सर्वांत जास्त होता, आणि काही वर्षांतच या बायका आधीच्या टप्प्यावर तपासायला येऊ लागल्याचे १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या जयंत-नेने आणि सहकाऱ्यांच्या निबंधाने दाखवले. यंत्र नवे नव्हते, औषध नवे नव्हते. फक्त कुणीतरी दारात येऊन विचारत होते.

याच पायावर शेजारच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव, जिल्ह्यात १९९९ पासून मोठी चाचणी झाली. ५२ गावसमूह, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया, आणि लियाँच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचे डॉ. शंकरनारायणन यांचे नेतृत्व. एचपीव्ही विषाणूची एकदाच तपासणी झालेल्या गटात आठ वर्षांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले, नेहमीचीच सेवा मिळालेल्या गटात ६४. २००९ साली हे निष्कर्ष छापून आले आणि जगभरच्या धोरणांत त्यांचा हवाला दिला जाऊ लागला. ज्या गटाला तपासणी मिळाली नाही त्याचे काय, हा नैतिक प्रश्नही विचारला गेला, आणि तो विचारायलाच हवा होता. त्या ६४ जणी आपल्याच शेजारच्या गावांतल्या होत्या.

आता २०२० कडे येऊ. नोंदणीचे मूळ तीन तालुके नकाशावर पाहावेत. बार्शी सोलापूर जिल्ह्यात. परांडा आणि भूम उस्मानाबाद जिल्ह्यात. एरवी ही सीमा कुणाच्या लक्षातही येत नाही. परांड्याहून बार्शीच्या बाजाराला, दवाखान्याला येणे हा रोजचा परिपाठ. टाळेबंदीत जिल्ह्याच्या सीमा बंद झाल्या आणि कधी नव्हे ती ही रेघ खरी झाली. रेल्वे २२ मार्चच्या रात्रीपासून थांबली. जिल्ह्याबाहेरची एसटी २० ऑगस्टला सुरू झाली, ई-पासची अट २ सप्टेंबरला गेली. म्हणजे पाच महिने. विकिरणाचा एक पूर्ण क्रम आठवड्यातून पाच दिवस याप्रमाणे पाच ते सात आठवड्यांचा असतो. मध्येच खंड पडला तर आधीच्या दिवसांची मेहनत कमी होते. या काळात चारचाकी, पास आणि सोबत येणारे माणूस या तिन्ही गोष्टी ज्याच्याकडे होत्या, त्याचेच उपचार सुरळीत चालले.

सोलापूरच्या रुग्णाची दुसरी वाट सिद्धेश्वर एक्स्प्रेसची. रात्री निघायचे, सकाळी मुंबईत उतरायचे, परळला टाटा रुग्णालय गाठायचे, आणि जागा मिळाली तर दादरच्या गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत पाठ टेकायची. टाळेबंदी जाहीर झाली तेव्हा परळ-दादर भागात ठिकठिकाणचे रुग्ण आणि नातेवाईक अडकले. हिंदमाताच्या पुलाखाली संसार मांडून राहिलेल्यांची छायाचित्रे वृत्तपत्रांनी तेव्हा छापली. घरी परतायला गाडी नाही आणि राहायला छप्पर नाही. ‘घरीच राहा, सुरक्षित राहा’ हे वाक्य त्या पुलाखाली कसे ऐकू आले असेल?

टाटा रुग्णालयाने मात्र एक निर्णय ठामपणे घेतला: कर्करोगाचे काम थांबवायचे नाही. परदेशातल्या अनेक रुग्णालयांनी शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या होत्या, ढकलाव्यात असा सल्लाही होता. २३ मार्च ते ३० एप्रिल २०२० या काळात परळला ४९४ मोठ्या नियोजित शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यातला एकही रुग्ण शस्त्रक्रियेनंतर दगावला नाही. सहा जण बाधित झाले, तेही बरे झाले. भीतीच्या त्या दिवसांत हे धाडस होते, आणि ते अंगलट आले असते तर त्यांना कुणी माफ केले नसते.

पण दारापर्यंत पोचलेल्यांसाठीच दार उघडे असते. देशातल्या ४१ कर्करोग केंद्रांनी मार्च ते मे २०२० ची आकडेवारी आदल्या वर्षीच्या त्याच तीन महिन्यांशी ताडून पाहिली. नव्या रुग्णांच्या नोंदी १,१२,२७० वरून ५१,७६० वर आल्या होत्या. मोठ्या शस्त्रक्रिया १७,१२० वरून ८,६७७. विकिरण त्या मानाने कमी घटले, २३ टक्के. कारण एकदा सुरू झालेले विकिरण रुग्ण आणि डॉक्टर दोघेही सहसा सोडत नाहीत. या साऱ्यात मला पहिला आकडा सर्वांत भयंकर वाटतो. टाळेबंदीने कर्करोग निम्मा झाला नव्हता. ती साठ हजार माणसे कुठेतरी होतीच, आपल्या आजाराचे नाव माहीत नसलेली.

मनाच्या बाबतीत या रुग्णांची गोष्ट थोडी वेगळी आहे. मुखपट्टी, गर्दी टाळणे, बाहेरून आलेल्याने हात धुणे हे जगाला २०२० मध्ये शिकावे लागले. केमो घेणारा माणूस ते आधीपासून पाळत होता. त्याला नवे होते ते भेटायला येणारी माणसे तुटणे. आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला जाणे हा एक उपचारच आहे. नारळपाणी घेऊन येणारी मावशी, निरर्थक गप्पा मारणारा मेव्हणा, यांचा एरवी वैताग येतो. पण कर्करोग हा संसर्गाने होतो असा समज खेड्यात अजून पुरता मेलेला नाही. त्यात करोनाची भर पडल्यावर खोकणाऱ्या रुग्णाकडे पाहणाऱ्या नजरा आणखी कडू झाल्या. बिडी वळणाऱ्या, मिश्री लावणाऱ्या सोलापुरी बाईने तोंडातला व्रण पदराआड लपवणे जुनेच. आता त्या पदरावर मुखपट्टी आली, आणि सांगायचे टाळायला एक सरकारमान्य कारण मिळाले.

साथीच्या याच काळात बार्शीचे नाव पुन्हा एकदा जगभर पोचले, तेही एका अर्धवट राहिलेल्या कामामुळे. सप्टेंबर २००९ मध्ये एचपीव्ही लशीच्या दोन आणि तीन मात्रांची तुलना करणारी चाचणी देशातल्या नऊ ठिकाणी सुरू झाली होती. बार्शी त्यातले एक. आंध्र आणि गुजरातेतल्या एका वेगळ्या लस-प्रकल्पावरून वाद पेटला आणि एप्रिल २०१० मध्ये सरकारने अशा साऱ्या चाचण्यांतले लसीकरण थांबवले. त्या प्रकल्पात पालकांच्या संमतीबाबत झालेली हयगय पुढे संसदीय समितीनेही उघड केली, तेव्हा वाद निराधार नव्हता. इकडे मात्र १७,७२९ मुलींना किमान एक मात्रा मिळून गेली होती, आणि त्यातल्या ४,९५० जणींना फक्त एकच. संशोधकांनी त्यांचा पाठपुरावा सोडला नाही. वर्षानुवर्षे त्यांना शोधून, त्यांच्या सासरच्या गावांपर्यंत जाऊन नमुने घेतले गेले. नोव्हेंबर २०२१ मध्ये निष्कर्ष छापून आले: एक मात्राही विषाणूच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून दोन-तीन मात्रांच्या तोडीचे रक्षण करते. एप्रिल २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने एका मात्रेला मान्यता दिली, त्यामागच्या पुराव्यांत हाही एक होता.

त्या मुली तेव्हा १० ते १८ वर्षांच्या होत्या. त्यातल्या थोरल्या आता तिशी ओलांडून स्वतःच तपासणीच्या वयात आल्या आहेत.